चाल कोणाची, नाव कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात जळगावास एका वाङ्मयप्रेमी मंडळाची सभा भरली होती. विषय होता खान्देशातील लोकगीतांची सद्यःस्थिती. वक्ते विद्वान होते, श्रोते सुशिक्षित होते, चहाही वेळेवर आला. तेव्हा सभा यशस्वी झाली असे म्हणावयास हरकत नाही. या सभेत एका वक्त्यांनी हल्लीच्या अहिराणी गाण्यांवर जो हल्ला चढविला, त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वरातीत वाजणाऱ्या या गाण्यांत एकच चाल, एकच ठेका, एकच वाद्यांचा साज, त्यावर आज हा गातो, उद्या तो गातो, ही कला नव्हे, ही उघड चोरी होय, आणि अशा चोरीने बहिणाबाईंच्या भूमीस काळिमा लागला आहे. आम्ही व्यासपीठावर होतो. आम्हांस हे पटले नव्हते. परंतु सभेची वेळ संपत आली होती, आणि शिष्टाचार नावाची एक सोयीची ढाल आम्हां प्राध्यापकांच्या हाती सदैव असते. आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे काय ते प्रथमच सांगून टाकतो. एका चालीवर दहा जणांनी दहा गाणी गाणे ही चोरी नव्हे. ती गाण्याची फार जुनी आणि फार प्रतिष्ठित रीत आहे. चोरी होत नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. ती होते, पण वक्त्यांनी बोट दाखविले त्या ठिकाणी नव्हे. चाल घेणे हा गुन्हा नाही. जिच्यावरून घेतली तिचे नाव गाळणे हा गुन्हा आहे. आणि या गुन्ह्यात वरातीपुढे गाणाऱ्या पोरांइतकेच आपण सभेत टाळ्या वाजविणारे लोकही सामील आहोत.

दूरचे उदाहरण आधी घेऊ. घरच्या उदाहरणाने माणसास राग येतो. दूरच्याने निदान कुतूहल वाटते. दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुटीत आमच्या कन्येने आम्हांस काही गाणी ऐकविली. ‘बाबा, या संग्रहाचे नावच दिवाळी आहे,’ असे ती म्हणाली. आम्ही सनईची वाट पाहत बसलो. ऐकू आल्या त्या टाळ्या. आडव्यातिडव्या, अडखळत पडल्यासारख्या वाटणाऱ्या, पण क्षणभरही न चुकणाऱ्या. त्यावर एक गायक आला, गेला. दुसरे गाणे लागले, तर पुन्हा त्याच टाळ्या. तिसरे लागले, तरी त्याच. आम्ही विचारले, ‘यंत्र बिघडले काय?’ कन्या हसली. यंत्र ठीक होते; बिघाड आमच्या कानात होता.

ही गाणी जमैकाची. कॅरिबियन समुद्रातील हे बेट आपल्यास अगदीच परके नाही. १८४५ साली गिरमिट्यांचे पहिले जहाज हिंदुस्थानातून तेथे लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसे उसाच्या मळ्यांवर राबण्यास तेथे गेली. दिवाळी हे नाव त्या बेटास ठाऊक असावे यात नवल नाही. तेथील रेगे संगीतात ‘रिडिम’ म्हणून एक चीज असते. इंग्रजी ‘रिदम’ शब्दाचा हा तेथील उच्चार; पण अर्थ नुसता ताल असा नाही. ड्रम, खर्जात वाजणारी बेस गिटार आणि बाजाची पेटी किंवा की-बोर्ड यांनी मिळून रचलेला गाण्याचा सबंध पाया म्हणजे रिडिम. हा पाया एकदा ध्वनिमुद्रित झाला की त्यावर निरनिराळे गायक आपापले शब्द आणि आपापली गायकी घेऊन उभे राहतात. नुसत्या एका रिडिमवरची अनेकांची गाणी एकत्र करून संग्रह निघतात. १९७४ साली रूपी एडवर्ड्स या निर्मात्याने ‘यामाहा स्कँक’ नावाची तबकडी काढली. अशा संग्रहांत ती पहिली गणली जाते. तिच्या मुळाशी ‘युनिक्स’ या गायकमंडळाच्या १९६८ सालच्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या एकाच गाण्याचा पाया होता.

आम्ही ऐकलेला ‘दिवाली’ रिडिम स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेन या वादकाने रचलेला. त्याचा संग्रह २००२ साली निघाला. त्याच टाळ्यांवर शॉन पॉल याने नाचाचे गाणे गाइले, ते २००३ साली अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले. त्याच टाळ्यांवर वेन वंडर याने हळुवार प्रेमगीत गाइले. त्याच टाळ्यांवर बाउंटी किलर याने दैन्यात पिचणाऱ्या माणसाची कैफियत मांडली. पाया एक, आणि त्यावर नाच, प्रेम व दुःख ही तिन्ही उभी. पहिल्या गाण्याला आम्ही यंत्राची शंका घेतली. चौथ्या गाण्यापासून आमचा कान टाळ्या सोडून गाणाऱ्याकडे लागला. या गायकाने तोच अवकाश कसा भरला, कोठे थांबला, कोठे घाई केली, हे दिसू लागले. पाया समान असल्यामुळेच फरक ऐकू येतो. आम्ही तीस वर्षे एकाच विषयावरचे ऐंशी निबंध तपासत आलो. हे आम्हांस पूर्वीच कळावयास हवे होते.

या संग्रहांत आम्हांस आणखी एक गोष्ट आढळली, आणि या लेखाचे खरे कारण ती आहे. पाया उसना आहे हे तेथे कोणी लपवीत नाही. उलट संग्रहास रिडिमचेच नाव असते. ऐकणारा विचारतो, ‘हे कोणत्या रिडिमवर आहे?’ आणि त्यास उत्तर मिळते.

आता घरी येऊ. ज्या वक्त्यांनी एका चालीवरील अनेक गाण्यांना चोरी म्हटले, त्यांच्या दिवाणखान्यात नाट्यसंगीताच्या तबकड्यांचा उत्तम संग्रह आहे हे आम्ही जाणतो. आम्ही तो अनेकदा ऐकला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, ‘सौभद्र’ १८८२ साली. ‘सौभद्रा’चे पुस्तक उघडून पाहावे. पदापदावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्या कोणत्या तरी पदाचे नाव. कोठे कानडी पद, कोठे लावणी. साक्या आणि दिंड्या तर सर्वांच्या मालकीच्या. किर्लोस्कर स्वतः कर्नाटकाच्या सीमेवरचे. तिकडच्या चाली त्यांनी मोकळ्या हाताने घेतल्या आणि तितक्याच मोकळ्या मनाने छापून सांगितल्या. महाराष्ट्राने त्यांस चोर म्हटले नाही. संगीत रंगभूमीचे जनक म्हटले. पुढे १९११ साली ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, हे महाराष्ट्रास आजही माहीत आहे, कारण ते सांगितले गेले.

आमच्या इंग्रजीच्या वर्गातही हीच गोष्ट निराळ्या वेषात येते. इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत रस्त्यावर एकेका पानावर छापलेले पोवाडे विकत. त्यांत स्वरलेखन क्वचित असे. ‘अमुक चालीवर’ एवढी ओळ मात्र असे, आणि विकत घेणाऱ्यास तेवढी पुरत असे. १५८० साली नोंदले गेलेले ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे गाणे अशा चालींपैकी एक. गंमत अशी की, ज्या लंडनच्या कंपनीने ‘दिवाली’ रिडिमचा संग्रह प्रसिद्ध केला तिचेही नाव ‘ग्रीनस्लीव्ह्ज’च. १७२८ साली जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला. त्यातील ६९ गाणी आधीपासून प्रचारात असलेल्या चालींवर बसविलेली आहेत आणि छापील नाटकात गाण्यागाण्यावर मूळ चालीचे नाव आहे. हे नाटक आम्ही विद्यार्थ्यांस इंग्रजी वाङ्मयाचे भूषण म्हणून शिकवितो. तीच रीत धुळ्याच्या एखाद्या तरुणाने पत्करली की ती चोरी होते, हा न्याय आम्हांस समजत नाही. गाणाऱ्याची भाषा कोणती आणि त्याचा गाव कोणता हे पाहून आपण शब्द बदलतो, एवढाच त्याचा अर्थ. ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषापाहणीत खान्देशीला भिल्ली बोलींच्या खंडात बसविले, तेव्हापासून ती भाषा की बोली हा वाद आपण घालीत आहोत; पण गाण्याच्या बाबतीत तिला सभ्य समाजाच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्यात मात्र आपले एकमत दिसते.

येथे आम्हांस प्रतिपक्षाचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. कोणी म्हणेल, ‘ओवी किंवा आर्या हे छंद आहेत. मोरोपंतांनी आर्या रचल्या म्हणून त्यांनी आर्या चोरली असे कोण म्हणतो? पण चाल छंदाहून निराळी आहे. छंद कोणा एकाचा नसतो. चाल कोणी तरी बसविलेली असते.’ हे खरे आहे. आणि खरे आहे म्हणूनच आम्ही म्हणतो की चाल घ्यावी, पण तिच्या कर्त्याचे नाव घेऊन घ्यावी. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आणि त्यांच्या परंपरेतील शाहिरांनी लोकांच्या ओठांवर बसलेल्या चाली घेऊन आंबेडकरी विचार खेड्यापाड्यांत नेला. नवी चाल शिकविण्यास तेथे सवड नव्हती. शब्द तातडीने पोहोचवावयाचे होते. अशा गाण्यांची स्वस्त पुस्तके जत्रांत आणि जयंत्यांत विकली जातात. ती चाळून पाहावी : गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ आणि पुढे मूळ गाण्याचे नाव. ज्या पुस्तकांची बांधणी दोन दिवसांत सुटते त्यांनी हा सभ्यपणा जपला. चकचकीत पडद्यावर गाणी प्रसिद्ध करणाऱ्यांस तो का जमू नये?

जमैकाचे आम्ही एवढे गोडवे गाइले. तेथे सर्व आलबेल आहे असा कोणी समज करून घेऊ नये. १९९३ पर्यंत त्या बेटावर इंग्रजांचा १९११ सालचा जुना कायदाच चालत होता, आणि स्टुडिओत बसून पाया रचणाऱ्या वादकांस पुष्कळदा त्या दिवसाची मजुरी तेवढी मिळे. रिडिमचे नाव दुमदुमत राही. रिडिम रचणारा अंधारात राही. दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत.

१९८५ साली वेन स्मिथ या गायकाचे एक गाणे किंग जॅमी या निर्मात्याने काढले. त्याच्या ‘स्लेंग टेंग’ रिडिमने जमैकाचे संगीत पालटले आणि त्यावर पुढे शेकडो गाणी झाली. हा पाया कोठून आला? कॅसिओ कंपनीचा एमटी-४० नावाचा एक लहानसा, घरगुती की-बोर्ड १९८१ साली बाजारात आला होता. त्यात आधीच भरून ठेवलेला एक ठेका होता. बटण दाबले की वाजावा असा. तो मंद करून स्मिथ व त्याचे सोबती गाऊ लागले. यंत्रातला ठेका, तेव्हा कर्ता कोणीच नाही, असे सर्वांनी धरले. परंतु यंत्रात ठेका आपोआप उगवत नाही. तो ओकुदा हिरोको या जपानी तरुणीने बसविला होता. १९८० साली ती कंपनीत नोकरीस लागली होती, आणि तिला स्वतःला रेगेचे वेड होते. तिचे नाव जगास कळण्यास काही दशके जावी लागली.

दुसरे उदाहरण कडू आहे. १९८९ साली स्टीली आणि क्लिव्ही या जोडीने ‘फिश मार्केट’ नावाचा एक ठेका रचला. त्यावरून शाबा रँक्स याचे ‘डेम बो’ हे गाणे झाले, आणि पुढे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ‘रेगेटोन’ नावाची जी संगीतशाखा फोफावली तिच्या बुडाशी हाच ठेका बसला. स्टीली २००९ साली वारला. २०२१ साली या जोडीच्या बाजूने अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल झाला. प्रतिवाद्यांची संख्या वाढत शंभरावर गेली. २०२४ साली न्यायालयाने हा दावा आरंभीच काढून टाकण्यास नकार दिला. निकाल काय लागावा हे न्यायाधीश जाणोत. आम्हांस त्यातून एवढेच दिसते की, तीस वर्षे नाव न घेतल्याचे बिल एकदम येते, आणि ते आले की चाल घेणेच गुन्हा ठरण्याची वेळ येते. नाव घेण्याची रीत असती तर बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

आता खान्देशातील आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. आमचा एक माजी विद्यार्थी धुळ्यास राहतो. इंग्रजीत तो यथातथाच होता. की-बोर्ड मात्र असा वाजवी की स्नेहसंमेलनात आम्हां कठोर परीक्षकांचेही पाय हलत. त्याने एका खोलीवजा स्टुडिओत बसून एका लग्नगीतासाठी संपूर्ण ‘ट्रॅक’ रचला. संबळीचा ठेका, त्यावर पिपाणीसारखा सूर, मध्येच डफाचा एक थबकणारा तुकडा. हा तुकडा त्याने वहीगायनात लहानपणी ऐकलेला. मोबदला एकदाच मिळाला, चार हजार रुपये. पुढील दोन वर्षांत त्याच ट्रॅकवर सात गाणी निघाली. गाणारे निराळे, शब्द निराळे. त्या गाण्यांच्या चित्रफितींत निर्माता, नट, नटी, छायाचित्रकार, रंगभूषाकार यांची नावे आहेत. आकाशातून चित्र घेणाऱ्या ड्रोनच्या चालकाचेही नाव आहे. आमच्या विद्यार्थ्याचे नाव एकाही ठिकाणी नाही. त्याने आमच्याकडे तक्रार केली नाही. तो एवढेच म्हणाला, ‘सर, माझा ठेका प्रत्येक वरातीत वाजतो. पण आईला सांगितले तर तिला खरे वाटत नाही. नाव कुठे आहे, असे ती विचारते.’

हा प्रश्न आम्हांस सभेतील सर्व भाषणांहून जड वाटला. सात गाणी निघाली याचे त्यास दुःख नव्हते, अभिमान होता. त्यास दुःख होते ते नावाचे.

दुसरी गोष्ट आमच्याच घरची. आमच्या आत्याबाई अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आखाजीस माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गातात त्यांपैकी एक गाणे त्यांच्या तोंडून आम्ही बाळपणापासून ऐकत आलो. तीन वर्षांमागे धुळ्यात एका वरातीच्या भोंग्यांतून तीच चाल कानी पडली. शब्द थोडे बदललेले, धृपद जसेच्या तसे. आम्ही शोध केला, तेव्हा ‘गीत आणि संगीत’ या शब्दांपुढे एका गृहस्थांचे नाव आढळले. आम्ही आत्याबाईंस ते ऐकविले. त्या रागावल्या नाहीत. गाणे दूर गेले याचे त्यांस कौतुकच वाटले. मग त्या सांगू लागल्या : धृपद आजीच्या वेळेपासूनचे, दुसरे कडवे शेजारच्या एका सासुरवाशिणीने ज्या वर्षी तिला माहेरी धाडले नाही त्या वर्षी जोडलेले, शेवटचे कडवे आत्याबाईंच्या मोठ्या बहिणीचे. प्रत्येक कडव्याची मालकीण त्यांस नावानिशी ठाऊक होती. आम्ही मात्र आजवर त्या गाण्यास बेधडक ‘पारंपरिक’ म्हणत आलो होतो.

‘पारंपरिक’ हा शब्द फार सोज्वळ दिसतो. वस्तुतः अनेकदा त्याचा अर्थ ‘आम्ही विचारले नाही’ एवढाच असतो. कानबाईच्या रात्री म्हटली जाणारी गाणी घ्या, गुलाबाईची घ्या, जात्यावरच्या ओव्या घ्या. त्यांना कर्ता नाही असे म्हणणे हे अज्ञान आहे, आणि कर्ता नाही म्हणून आपले नाव घालणे ही लबाडी आहे. लबाडी करणाऱ्यांस अज्ञानाचा आधार आपण पुरवितो.

आता बहिणाबाईंचे नाव. वक्त्यांनी ते घेतले, तेव्हा आम्हीही घेतो. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यास जन्मल्या आणि १९५१ साली वारल्या. शाळा त्यांनी पाहिली नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचीत गेल्या. आणि त्यांनी वळण पत्करले ते बहुतकरून ओवीचे, जे त्यांच्या आधी शतकानुशतके घराघरांत होते. वक्त्यांच्या कसोटीने पाहिले तर त्याही ‘एकाच चालीवर’ गाणाऱ्याच ठरतात. चाल सर्वांची होती. तीत त्यांनी जे सांगितले ते मात्र दुसऱ्या कोणासही सांगता आले नसते. आणि आता लक्ष द्यावे. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी व घरच्या नातलगाने आईच्या तोंडची गाणी टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. कवयित्री तेव्हा हयात नव्हती. कोणी टिपले नसते, नाव लिहिले नसते, तर त्यातील चार ओव्या आज कोठे तरी ‘पारंपरिक’ म्हणून वाजत असत्या, आणि दोन ओव्यांवर कोणा गृहस्थांचे नाव असते. २०१८ साली ज्यांचे नाव आमच्या जळगावच्या विद्यापीठास मिळाले, त्यांचे नाव एका वहीच्या आधाराने वाचले आहे. आसोद्याच्या पुढच्या गावात दुसरी बहिणाबाई नव्हती असे आपण कशावरून म्हणतो? तिच्या घरी वही नव्हती, एवढेच आपण म्हणू शकतो.

नावे टिपणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. साने गुरुजींनी, ज्यांची अमळनेरची शिक्षकी आमच्या जिल्ह्यास भूषण आहे, स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. त्यांच्या मागून गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांची नोंद आहे. लाख ओव्यांच्या बाबतीत जे जमले ते सात गाण्यांच्या बाबतीत जमू नये काय?

कायद्याचा आधार आहे का, असे वाचक विचारतील. थोडासा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली ५२-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचे व हक्कधारकाचे नाव आणि प्रसिद्धीचे वर्ष देणे बंधनकारक आहे. म्हणजे पैसा घालणाऱ्याचे नाव सक्तीचे. वाजविणाऱ्याचा तेथे उल्लेख नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वादक-गायकांस आपली ओळख सांगितली जावी असा हक्क दिला खरा. पण जो चार हजार रुपये घेऊन रात्रीच्या गाडीने घरी जातो, तो हक्क बजावण्यास वकील कोठून आणील? आत्याबाईंच्या गाण्यास तर हा कायदा ओळखतच नाही. तेव्हा जे कायद्याने होणार नाही ते रिवाजाने झाले पाहिजे, आणि रिवाज समाजाच्या अपेक्षेने बनतो. किर्लोस्करांस कोणत्या कायद्याने ‘चाल’ छापावयास लावली होती?

आणखी एक आक्षेप उरतो : ‘ही गाणी मुळातच हलकी आहेत, त्यांच्या नावानिशीची एवढी उठाठेव कशाला?’ त्यातील पुष्कळ गाणी हलकी आहेत, काही तर सुनेसमोर ऐकवणार नाहीत अशी आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. वाईट गाणे कोणत्याही चालीवर वाईटच. परंतु ‘केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारखी गाणी खान्देशच्या सीमा ओलांडून गेली, आणि ज्या भाषेत बोलण्यास आमची मुले पुण्यामुंबईस लाजत, ती भाषा परक्यांच्या ओठी आली, हे आमच्या शंभर व्याख्यानांनी झाले नसते. शिवाय नाव हे चांगल्या कामाचे बक्षीस नव्हे. ती कामाची नोंद आहे. आम्ही नापास विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरचेही नाव खोडीत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या फार नाहीत. जो कोणी अहिराणी किंवा मराठी गाणे प्रसिद्ध करील त्याने शब्द कोणाचे, चाल कोणाची किंवा कोणत्या गाण्यावरून, ट्रॅक कोणी रचला आणि वाद्ये कोणी वाजविली, या चार ओळी द्याव्यात. चाल लोकगीताची असेल तर नुसते ‘पारंपरिक’ न लिहिता कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून ऐकली ते लिहावे. एक ट्रॅक दुसऱ्यांदा वापरला तर रचणाऱ्यास दुसऱ्यांदा काही द्यावे. आणि सात गायकांची सात गाणी एकाच ठेक्यावर असतील तर ती लाजेने लपवू नयेत, एकत्र करून त्या ठेक्याच्या नावाने खुशाल मिरवावीत. आम्ही असा संग्रह विकत घेऊ आणि येथे त्याचे परीक्षणही लिहू.

वाचकांकडे आमचे मागणे त्याहूनही लहान आहे. येत्या लग्नसराईत आपणांपैकी अनेकांच्या दारी वरात निघेल. वाजंत्र्यांस सुपारी देताना आपण रोषणाई किती, माणसे किती, वेळ किती हे विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे की, हे जे वाजविणार ते कोणाचे आहे. पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. विचारणारे वाढले की मिळू लागेल.

आमच्यापुरते सांगावयाचे तर मंडळाची पुढील सभा उन्हाळ्यात आहे. गेल्या खेपेस न बोललेले आम्ही तेथे बोलणार आहोत. आत्याबाईंच्या गाण्याची कडवी, ती ती जोडणाऱ्या बायकांच्या नावांसह, आम्ही एका वहीत उतरून घेतली आहेत. ती वही मंडळाच्या स्वाधीन करू. आणि धुळ्याच्या त्या वादकास आम्ही सभेस बोलाविले आहे. निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव छापावे, असे आम्ही चिटणीसांस कळविले आहे. एक प्रत त्याच्या आईसाठी मागून ठेविली आहे.